मोजल्याशिवाय पोच नाही

मावशीला फोन करणाऱ्याला आधी परीक्षा द्यावी लागते. "कशी आहेस, बरी आहेस ना," एवढं झालं की मावशी विचारते, "किती गोष्टी सांगायच्यात?" मग माणसानं मनाशी मोजून आकडा सांगायचा. तीन म्हटलं तर तीन सांगायच्या. मग मावशी त्या तिन्ही परत म्हणून दाखवणार, समोरच्यानं "बरोबर" म्हणायचं, आणि त्यानंतरच इकडच्या तिकडच्या गप्पांना परवानगी. नवा माणूस वैतागतो. तिची सख्खी बहीण तर तीस वर्षं वैतागते आहे. पण खरं ते खरं, त्या घरात निरोप कधी अर्धवट पोचलेला नाही.

ही खोड तिला लागली पार्सल ऑफिसात. सव्वीस वर्षं ती तिथं आवक खिडकीवर बसली. हमाल गठ्ठे आणून टाकायचा, सोबत चिठ्ठी असायची: नग चौदा, वजन अमुक. बाकीच्या खिडक्यांवर चिठ्ठी बघून शिक्का उठायचा. मावशी नग स्वतः मोजायची, काट्यावर चढवायची आणि दोन्ही जुळलं तरच सही करायची. चिठ्ठी काय, कुणीही लिहील, असं तिचं म्हणणं. तिच्या खिडकीपुढची रांग नेहमी लांब. लोक नावं ठेवायचे, पण ज्यांच्या पार्सलात काचेचं किंवा जिव्हाळ्याचं काही असेल ते मुकाट्यानं तिच्याच रांगेत उभे राहायचे.

ऑफिस बंद पडलं तेव्हा मावशी पन्नाशीला टेकली होती. तिच्या भाच्याचं छोटं वर्कशॉप होतं, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या. एका खोलीत लोखंडी कपाटं, दुसरीत खिडकीखाली लांब टेबल आणि त्यावर सोल्डरिंगच्या धुराचा कायमचा वास. भाचा यंत्रांसाठी इलेक्ट्रॉनिक डबे बनवायचा. त्यानं मावशीला बोलावलं ते हात स्थिर आहे म्हणून, बोर्डावर सोल्डरचे टाके मारायला. वर्षभरानं मावशी त्याच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत म्हणाली, "हे तू काय लिहितोस ते मला पण सांग." भाचा हसला, पण त्यानं सांगितलं. मावशी वही घेऊन बसली. नखाएवढ्या काळ्या चिपला म्हणतात मायक्रोकंट्रोलर, तिला एका वेळी एकच काम कळतं, सांगितलं तेवढंच ती करते आणि न सांगितलेलं काही करत नाही. मावशीनं आयुष्यात इतका आज्ञाधारक माणूस पाहिला नव्हता. ती त्या चिपच्या प्रेमातच पडली म्हणा ना. चार वर्षांत निम्म्या डब्यांचे प्रोग्रॅम तीच लिहायला लागली.

आता गोष्टीला येतो. गावाबाहेरच्या रस्त्याला एका बाईंचं अंडी उबवायचं केंद्र होतं. पत्र्याची लांब शेड, आत कपाटासारखं मोठं यंत्र, त्यात सहा कप्पे आणि त्यांत मिळून तीन हजार अंडी. अंड्यांना एकवीस दिवस सारखी ऊब लागते. जरा कमी झाली तर पिल्लू अशक्त, जरा जास्त झाली तर पिल्लूच नाही. या उबवणीवाल्या बाई अकरा वर्षं त्या शेडपासून हललेल्या नव्हत्या. बहिणीच्या लग्नाला गेल्या त्या जेवून परत आल्या. यंत्रातलं अंडं काढून मिटलेल्या पापणीला लावायचं, किती गरम आहे ते पापणी सांगते. हा त्यांचा थर्मामीटर, आणि तो कधी चुकला नाही. पण पापणी शेडमध्ये ठेवून माणूस परगावी जाऊ शकत नाही ना.

आणि जायचं होतं. त्यांच्या एकुलत्या एक मुलीचे दिवस भरत आले होते. म्हणून तर त्यांनी भाच्याकडून डबा करून घेतला. दर कप्प्यात एक छोटा बोर्ड, सगळ्यांची मिळून एक तार, आणि तार येते दारावरच्या डब्यात. डब्यावर कप्प्याकप्प्याचं तापमान दिसणार, वर-खाली झालं तर डबा शिट्टी मारणार. बाई नसताना शेडवर त्यांचा दीर राहणार होता. दिराला पापणीचं शास्त्र येत नव्हतं, पण शिट्टी ऐकू येत होती.

डब्याचा प्रोग्रॅम मावशीचा. कप्प्यांचे निरोप सारख्या लांबीचे नव्हते. वरच्याला फक्त तापमान सांगायचं, मधल्याला तापमान आणि ओल, खालच्याला शिवाय अंडी फिरवणारी मोटर चालू की बंद, दार उघडं की मिटलेलं. म्हणून दर निरोपाच्या सुरुवातीला एक ठरलेली खूण, मग "पुढं इतके आकडे येताहेत" असा एक आकडा, मग ते आकडे, आणि शेवटी त्या सगळ्यांची बेरीज. डब्यानं स्वतः बेरीज करायची, जुळली तर निरोप खरा, नाही तर कचऱ्यात. मावशीला हे सारं शिकावं लागलंच नाही. सव्वीस वर्षं ती दुसरं करत काय होती?

शनिवारी दुपारी उबवणीवाल्या बाई स्वतः वर्कशॉपचा जिना चढून आल्या. येऊन स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तुमचा डबा खोटं बोलला."

झालं होतं असं. सकाळी यंत्रातला पंखा अडकला. आतली हवा फिरेना, वरचे कप्पे तापायला लागले. डबा मात्र साडेसदतीस, साडेसदतीस असं शांतपणे दाखवत राहिला. बाईंनी सवयीनं अंडं पापणीला लावलं म्हणून कळलं. दारं उघडून, हातानं वारा घालून त्यांनी अंडी वाचवली. दहा-बारा मिनिटांनी डबा एकदम जागा झाला आणि शिट्टी मारत सुटला.

"गुरुवारी सकाळची गाडी आहे माझी," बाई म्हणाल्या. "पोरीला सांगून ठेवलंय. त्याच आठवड्यात ही अंडी फुटायची आहेत. तुम्ही मला बुधवारपर्यंत सांगा, जाऊ का नको जाऊ. नको म्हणालात तर मी रागावणार नाही. राहीन आपली." आणि त्या गेल्या. रागावल्या असत्या तर मावशीला बरं वाटलं असतं. ते "राहीन आपली" तिच्या जिवाला लागलं.

भाच्यानं तार तपासली. पंख्याची मोटर अडकली की झटके मारते आणि शेजारून जाणाऱ्या तारेतले आकडे बिघडतात, हे त्यानं तासाभरात शोधून काढलं. "सुटलो," तो म्हणाला. "वायरचा दोष. चांगली वायर टाकून देतो, त्यांना तसं सांगू."

"टाक वायर," मावशी म्हणाली. "पण ती वायर आहे, ती आज ना उद्या बिघडणारच. ऐकणाऱ्याला अक्कल नको? बिघडलेला निरोप आला तर फेकायचा आणि पुढचा घ्यायचा, एवढंच तर काम. मग बारा मिनिटं तो करत काय होता?"

प्रोग्रॅमची पानं छापून मावशी घरी घेऊन गेली आणि रविवारची दुपार होईपर्यंत त्यांच्याकडं बघत बसली.

रविवारी दुपारी तिचे यजमान घरी आले ते तोंड पाडून. हे निवृत्त बस कंडक्टर. आख्खी आळी त्यांना अजून कंडक्टरसाहेबच म्हणते, आणि त्यांचा आवाजही अजून नोकरीतच आहे. ते ज्येष्ठांच्या फिरायला जाणाऱ्या मंडळात होते आणि त्या दिवशी दुसऱ्या गावच्या मंडळातले पाहुणे बसनं येणार होते. यांनी व्हॅन घेऊन स्टँडवर जायचं आणि पाहुण्यांना बागेत आणायचं, एवढंच काम.

"काय झालं?" मावशीनं विचारलं. "किती गोष्टी?"

"एकच," कंडक्टरसाहेब म्हणाले. "मला सेक्रेटरीनं चिठ्ठी दिली होती, पाहुणे अठरा."

"बरं मग?"

"बसमधून उतरले आठ. चिठ्ठीत अठरा. मी म्हटलं, दहा मागच्या बसला असतील. आठांना गाडीत बसवलं आणि थांबलो."

"किती वेळ?"

"दीड तास."

मावशी भात परतत होती, ती वळून बघायला लागली. दीड तास आठ म्हातारी माणसं व्हॅनमध्ये उन्हात बसून होती. मग पुढची बस आली. तिच्यातून बरोबर दहा माणसं एका घोळक्यानं उतरली, हातात पिशव्या घेतलेली. कंडक्टरसाहेबांनी तीस वर्षांच्या जुन्या आवाजात हाक दिली, चला, चढा, पुढं सरका, मध्ये उभं राहू नका. ती बिचारी चढली. त्या आवाजापुढं कोण चढणार नाही? व्हॅन बारा जणांची होती, त्यात अठरा मावले, कारण कंडक्टर माणसाला गाडी भरली असं कधी वाटतच नाही. बागेत पोचल्यावर कळलं की ते दहा जण एका हॉलच्या फरश्या बसवायला आलेले कारागीर होते. पिशव्यांत त्यांची थापी-ओळंबे होते. तिकडं हॉलचा मालक स्टँडवर त्यांची वाट बघत उभा होता. इकडं सेक्रेटरी म्हणाला, पाहुणे आठच होते हो, माझ्या हातून आठाच्या आधी एक जास्त पडला.

"माझी काय चूक?" कंडक्टरसाहेब म्हणाले. "मला अठरा सांगितले, मी अठरा आणले."

"गाडी बाराची होती," मावशी म्हणाली. "अठरा आकडा वाचला तेव्हाच कळायला नको, की आकड्यात काहीतरी चुकलंय? एवढे मावतच नाहीत तर येतील कसे? आणि बस रिकामी झाली, पाच मिनिटं कुणी उतरलं नाही, तर समजायचं की संपले. जे आले ते..."

ती तिथंच थांबली. भाताचा वास करपट यायला लागला तरी उभीच. कंडक्टरसाहेबांनी उठून गॅस बंद केला. संसाराला एकतीस वर्षं झाली होती, बायको अशी थांबली की काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं.

मावशीनं छापील पानं काढली आणि तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. तिथं तिनंच लिहिलेलं होतं: जितके आकडे येताहेत म्हणून सांगितलं, तितके येईपर्यंत थांब. बस. तारेवर झटका बसला आणि तो लांबीचाच आकडा बिघडला, आठाचे एकशे छत्तीस झाले, तर? डबा एकशे छत्तीस आकडे गोळा करत बसणार. मागून पाच कप्प्यांचे खरेखुरे निरोप येणार, ते सगळे त्याच गाडीत कोंबणार. शेवटी बेरीज जुळली नाही म्हणून खऱ्या-खोट्यांसकट सगळी गाडी कचऱ्यात. दर कप्पा चार मिनिटांतून एकदाच बोलायचा, तेव्हा तोवर बारा मिनिटं गेली, आणि डब्यावर जुनाच साडेसदतीस.

ती खुर्चीवर बसली. "अहो," ती म्हणाली, "मी चिठ्ठीवर विश्वास ठेवला."

कंडक्टरसाहेबांना यातलं अक्षर कळलं नाही. पण सव्वीस वर्षं चिठ्ठीवर विश्वास न ठेवलेली बाई असं म्हणते आहे, म्हणजे प्रकरण साधं नाही, एवढं कळलं. त्यांनी करपलेला भात खालचा थर सोडून वाढला आणि तिच्यासमोर ठेवला. तिला वाईट वाटत होतं, लाजही वाटत होती, आणि खरं सांगायचं तर आतून आनंदही होत होता. चूक सापडल्याचा आनंद ज्यानं अनुभवलाय त्यालाच तो माहीत.

सोमवारी तिनं प्रोग्रॅमचा तो भाग नव्यानं लिहिला. कुठल्याच कप्प्याचा निरोप वीस आकड्यांहून मोठा नसतो, तेव्हा वीसच्या वरचा लांबीचा आकडा दारातूनच परत. निरोप सुरू होऊन मध्येच थांबला, तर पापणी लवायच्या आत मोजणी बंद. आणि बेरीज चुकली तर सगळी गाडी रिकामी करायची नाही. पहिला आकडा तेवढा उतरवायचा आणि उरलेल्यांत कुठं नव्या निरोपाची खूण दिसते का ते बघायचं, कारण फरशीवाल्यांचा काही गुन्हा नव्हता. दर कप्प्यानं आता अर्ध्या मिनिटाला बोलायचं. लागोपाठ दोनदा कुणाचा खरा निरोप आला नाही तर जुना आकडा पुसायचा, तिथं आडव्या रेघा दाखवायच्या आणि शिट्टी मारायची.

"रेघा नको गं," भाचा म्हणाला. "गिऱ्हाइकाला वाटतं यंत्र बिघडलं."

"माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं," मावशी म्हणाली. "जुनं उत्तर नवं म्हणून देणं याला काय म्हणतात ते तुझ्या आईला विचार."

भाच्यानं आईला विचारलं नाही.

मंगळवारी परीक्षा. मावशीनं दुसऱ्या एका बोर्डाकडून डब्याला हजार निरोप पाठवायचं ठरवलं. त्यांत दीडशे खोटे मिसळले: काही लांबी फुगवलेले, काही मध्येच तोडलेले, काही बेरीज चुकवलेले, काहींच्या पोटात मुद्दाम सुरुवातीची खूण ठेवलेली. तारेशेजारी भाच्यानं ड्रिल मशीन चालू-बंद करत झटके दिले, ते वेगळेच. मोजणीला कंडक्टरसाहेबांना बोलावलं, कारण मोजणीत त्या माणसाचा हात धरणारा कुणी नाही. पहिल्या फेरीत ड्रिल बंद ठेवलं. आठशे पन्नास यायला हवे होते.

"आठशे एकावन्न," कंडक्टरसाहेब म्हणाले.

"पुन्हा मोजा."

"मी एकदाच मोजतो," ते म्हणाले. आणि ते खरंच होतं.

एक खोटा आत शिरला होता. दुपारपर्यंत मावशीनं तो पकडला. बेरीज चुकवायची म्हणून तिनंच त्यात दोन आकड्यांची नुसती अदलाबदल केली होती. नग तेवढेच, वजनही तेवढंच, मग बेरजेला काय कळणार? तापमानाच्या जागी ओल आणि ओलीच्या जागी तापमान बसलं तरी ती जुळलेलीच. तेव्हा मावशीनं बेरजेची रीत बदलली. पहिला आकडा एकानं गुणायचा, दुसरा दोनानं, तिसरा तिनानं, आणि मग बेरीज. जागा बदलली की बेरीज बदलते. पुन्हा हजार पाठवले. आठशे पन्नास. मग ड्रिल चालू करून पाठवले. आता झटक्यांनी काही खरेही बिघडले, ते डब्यानं नाकारले, पण खोटा एकही घेतला नाही. संध्याकाळी कंडक्टरसाहेबांनी खालून तीन कप चहा आणला आणि तिघांनी तो सोल्डरच्या वासात मजेत प्यायला.

बुधवारी मावशी शेडवर गेली. डबा बदलला, नवी तार ओढली. मग मधल्या कप्प्याची तार स्वतःच्या हातानं उपटली. मिनिटभरात त्या कप्प्याच्या जागी रेघा आल्या आणि शिट्टी अशी वाजली की दीर मागच्या आवारातून धावत आला.

"वायरचा दोष होता ना?" उबवणीवाल्या बाईंनी विचारलं. भाच्यानं फोनवर तसं सांगून टाकलं होतं.

मावशीला मान डोलवता आली असती. "नाही," ती म्हणाली. "वायर निमित्त झाली. चूक माझी. ऐकायचं कसं ते मी डब्याला नीट शिकवलं नव्हतं."

बाई डब्यापाशी गेल्या. "पुन्हा होईल?"

"हे होणार नाही. दुसरं काय होईल ते मला सांगता येत नाही. पण डब्याला कळलं नाही तर तो कळलं नाही म्हणेल. खोटं नाही बोलणार."

बाईंनी एक अंडं काढून पापणीला लावलं. मग डब्यावरचा आकडा बघितला. मग दुसरं अंडं. असं सहाही कप्प्यांचं केलं. शेवटचं अंडं जागेवर ठेवून त्या म्हणाल्या, "तर मग जाते मी."

गुरुवारी त्या गेल्या. मावशीला चैन पडेना. शुक्रवारी, शनिवारी तिनं दिराला इतके फोन केले, की सोमवारी त्यानं फोन उचलल्या उचलल्या "एकच गोष्ट, सगळं ठीक" म्हणून ठेवून दिला. मंगळवारचा दिवस अंडी फुटायचा. त्या दिवशी मावशीनं फोन केला नाही. एका बोर्डावर तिनं तीन टाके चुकवले, असं तिच्या बाबतीत कधी होत नसे.

संध्याकाळी घरचा फोन वाजला. उबवणीवाल्या बाई मुलीच्या गावाहून बोलत होत्या. मागं बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

"मावशी, तीन गोष्टी सांगायच्यात," त्या म्हणाल्या. न विचारता. "पहिली, नात झाली. दुसरी, दुपारी चौथ्या कप्प्याची तार सुटली होती, रेघा आल्या, शिट्टी झाली, दिरानं लावली. पिल्लं..."

आणि फोन कटला.

कंडक्टरसाहेब शेजारी उभे होते. "नात झाली," ते म्हणाले. "चला, छान झालं."

"काही झालं नाही," मावशी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण नियम तो नियम. "तीन म्हणाल्या, दोन पण पुऱ्या आल्या नाहीत. हे धरायचं नाही." तिनं अर्ध्या मिनिटाच्या आत उलटा फोन लावला. "ताई, अर्धवट आलं. सगळं पहिल्यापासून सांगा."

पलीकडं बाई हसल्या आणि त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. नात झाली, दोघी सुखरूप. तार सुटली, शिट्टी झाली, तार लावली, पिल्लं दोन हजार सातशे बारा.

"आणि तिसरी?"

"तिसरी अशी," बाई म्हणाल्या, "की मी इथं अजून पंधरा दिवस राहतेय."

मावशीनं तिन्ही गोष्टी परत म्हणून दाखवल्या. तिसरी म्हणताना तिचा आवाज जरा हलला, म्हणून ती दोनदा म्हटली.

"बरोबर," उबवणीवाल्या बाई म्हणाल्या.